कफप्रकृतीचा बैल

अंबाडी म्हटले की आमच्या पुण्याकडच्या मित्रांना भाजी आठवते. "दिवाळीला अंबाडीला चाललोय" असे मी म्हटले, तर "लसणीची फोडणी जरा सढळ हाताने घाला म्हणावं" असा सल्ला मिळतो. मग मला भूगोल सांगत बसावे लागते, की बाबांनो, भिवंडीहून वाड्याला जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव आहे, इथून वज्रेश्वरी-गणेशपुरीचा फाटा फुटतो, आणि तोच रस्ता पुढे धरला तर माणूस वसईच्या बाजूला उतरतो. एवढे सगळे ऐकून घेतल्यावर ते विचारतात, "मग मिळते का तिथं भाजी?"

तर या अंबाडीला माझे आजोळ. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी तिथे गेलो तो नेहमीसारखा फक्त पिशवीत फराळ घेऊन नव्हे, तर डोक्यावर एक व्याख्यान घेऊन. आमच्या उपनगरात एक कलारसिक मंडळ आहे. त्याच्या सभासदांना कलेत रस असतो, आणि व्याख्यानानंतरच्या बटाटेवड्यात जरा जास्त. त्या मंडळात मी तुळशीच्या लग्नानंतर बोलायचे होते. विषय मोठा भारदस्त: 'जुन्या युरोपीय छापचित्रांतील शेतावरच्या जनावरांची प्रतीके'. हा विषय दुसऱ्या कुणी माझ्यावर लादला असता तर निदान रागावता तरी आले असते. पण तो मीच सुचवला होता.

त्याचे मूळ फोर्टातल्या फुटपाथवर आहे. तिथे जुनी पुस्तकेवाले ओळीने बसत त्या काळात मी जुन्या छापचित्रांचा एक जाडजूड संग्रह घासाघीस करून घेतला होता. लाकडाच्या ठोकळ्यावर किंवा तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे, शाई भरायची आणि कागद दाबून प्रती काढायच्या, अशा पद्धतीची ही चित्रे. पुस्तक विकत घेतले की ते वाचल्याचे पुण्य आपोआप पदरात पडते अशी माझी समजूत असल्यामुळे ते पंचवीस वर्षे माळ्यावर होते. पण मंडळात कुणीतरी युरोपीय कलेवर अधिकाराने बोलायला लागला, आणि माझ्या तोंडून निघून गेले, "माझ्याकडे ड्यूररच्या चित्रांचा संग्रह आहे." पुढचे सगळे त्या एका वाक्याचे भोग.

तयारी मात्र मी कसून केली. वहीत दोन रकाने आखले. डावीकडे जनावर, उजवीकडे अर्थ. डुक्कर म्हणजे खादाडपणा आणि अधःपात. कोंबडा म्हणजे जागृती. मेंढी म्हणजे निष्पापपणा. ख्रिस्तजन्माच्या चित्रात गव्हाणीपाशी बैल आणि गाढव असतात ना? वसईला नाताळात घरोघरी गोठा मांडतात त्यातही असतात. शुभवर्तमानांच्या जन्मकथेत मात्र ही दोन्ही जनावरे नाहीत. ती आली आहेत त्याच्या कितीतरी आधीच्या यशया संदेष्ट्याच्या एका वचनावरून. पुढे धर्मपंडितांनी बैल म्हणजे यहुदी आणि गाढव म्हणजे बाकीचे जग असा अर्थ लावला. हे वाचून मला फार आनंद झाला. लहानपणी आम्ही विरुद्धार्थी शब्द पाठ करत होतो तसे मी हे रकाने पाठ करायला घेतले.

मामांच्या ओसरीवर पुस्तक उघडून बसलो होतो. भाताची कापणी चालली होती. मामा शेतावरून आले, पाय धुतले आणि माझ्या शेजारी टेकले.

"काय वाचतोस एवढं?"

"चित्रं आहेत, मामा. जुनी. विलायतेकडची."

उघडलेले पान नेमके ड्यूररच्या १५०४ सालच्या 'आदाम आणि एवा'चे होते. त्या दोघांच्या अंगावर डिक्शनरीतही सापडणार नाही एवढा कमी कपडा. आणि मामी तेवढ्यात चहा घेऊन दारात. मी झटक्यात तळहात चित्रावर ठेवला. त्यामुळे आदाम आणि एवा झाकले गेले, आणि मामांना चित्राचा खालचा भागच तेवढा दिसला. तिथे एक मांजर, समोर उंदीर, एक ससा, एल्क नावाचे मोठे सांबर, आणि मागे अंग दुमडून पहुडलेला बैल. पुष्कळ समीक्षकांना जनावरांपर्यंत पोचायला दहा पाने लागतात. आम्ही लाजेपोटी एका क्षणात पोचलो.

मी व्याख्यानाचा सराव म्हणून सांगायला लागलो. पंडितांच्या मते ही चार जनावरे म्हणजे माणसाच्या चार प्रकृती. एल्क खिन्न, ससा रक्तप्रकृतीचा म्हणजे उल्हासी, मांजर पित्तप्रकृतीचे, आणि बैल कफप्रकृतीचा. माणसाने फळ खाल्ले नाही तोवर चारी गोष्टी समतोल होत्या. खाल्ल्यावर बिघडल्या.

मामांनी ते नीट ऐकून घेतले. "बैल कफाचा?"

"हो."

"खोकतो काय?"

"तसं नाही मामा. ते प्रतीक आहे. म्हणजे थंड, संथ स्वभाव..."

"आपला खोकतो," मामा म्हणाले, आणि गोठ्यातून खरोखरच एक घोगरा खोकला ऐकू आला. तो सरदार. मामांच्या शेवटच्या जोडीतला उरलेला बैल. त्याचा जोडीदार आदल्या पावसाळ्यात गेला होता, आणि एका बैलावर नांगर चालत नाही हे सांगायला पंडित लागत नाही.

मग मामांनी पुस्तक आपल्या मांडीवर ओढून घेतले. (आदाम आणि एवाचे पान मी चपळाईने उलटले.) पुढचे चित्र ड्यूररचेच, १४९६ च्या सुमाराचे. बापाची इस्टेट उधळून बसलेला मुलगा डुकरांच्या कोंडाळ्यात गुडघे टेकून हात जोडतो आहे. माझ्या वहीप्रमाणे: डुक्कर, अधःपात. मामांनी डुकरे मोजली, त्यांचे राठ केस बघितले, मग मागची उतरत्या छपरांची जर्मन घरे, उकिरडा, आणि डाव्या कडेला चित्रातून बाहेर चाललेल्या बैलाचा नुसता मागचा भाग.

"यानं गाव बघितलंय," मामा म्हणाले. "पोरगा बसलाय तो चिखल खरा हाय."

वाचकहो, माझ्या वहीत 'चिखल' हा शब्दच नव्हता. आणि तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा शंका आली, की आपण उजवा रकाना पाठ करतो आहोत आणि चित्र बहुधा डाव्या रकान्यात आहे. मूळ गोष्टीत तो मुलगा शेतावर डुकरे राखतो. ड्यूररने त्याला गावातल्या अंगणात आणून उकिरड्याशेजारी बसवले. पश्चात्ताप खरा वाटायचा तर गुडघ्याखालची जमीन ओली पाहिजे, हे त्याला कळले होते.

याच ड्यूररने १५१५ साली एक गेंडा छापला. हा गेंडा आपल्याकडचा. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिला, जानेवारीत गोव्याहून जहाजात बसवला, आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. कुणाच्या तरी पत्रावरून आणि रेखाटनावरून त्याने काढला, त्याला चिलखतासारखे पत्रे चढवले आणि पाठीवर एक जादा शिंगही दिले. लोकांनी हा गेंडा पुढे दोन-अडीचशे वर्षे खरा मानला. कारण उघड आहे. न्यूरेंबर्गच्या बाजारात चित्र घेणाऱ्या माणसाच्या दारात गेंडा बांधलेला नव्हता. डुक्कर मात्र होते. छापचित्र ही मुळात स्वस्त वस्तू. राजवाड्यातल्या तैलचित्रासारखी ती एकाच घरात लटकत नाही, जत्रेत आणि बाजारात हातोहात खपते. गेंड्याला तिसरे शिंग दिले असते तरी चालले असते, पण डुकराचा कान चुकला असता तर पहिल्याच गिऱ्हाइकाने हसून चित्र परत ठेवले असते. शेतावरच्या जनावराचे प्रतीक करणे गेंड्यापेक्षा अवघड आहे ते यासाठी.

मामी इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. आता तीही आली. मी तिला लुकास फान लाइडनचे १५१० सालचे 'गवळण' दाखवले. पुढ्यात गाई, एका बाजूला बादली घेतलेली बाई, दुसऱ्या बाजूला काठीला टेकून उभा असलेला एक पुरुष. या चित्रात वरवर काही घडत नाही. मात्र पंडितांनी बराच खल करून असे दाखवले आहे, की जुन्या डच बोलीत 'दूध काढणे' या शब्दाला एक चावट अर्थ होता आणि चित्राचा रोख तिकडे आहे. हे मामीला कसे सांगावे या विवंचनेत मी असतानाच ती म्हणाली, "धारेच्या वेळेला हा बाप्या इथं कशाला उभा? याला काय काम नाय? लक्षण काय बरं दिसत नाय याचं."

मी वहीतली दीड पाने खोडली.

त्यानंतर आमची ओसरी रंगली. डरहॅमच्या बैलाचे चित्र निघाले. इंग्लंडातल्या या अवाढव्य बैलाला सुमारे सहा वर्षे, १८०१ ते १८०७, खास गाडीत घालून गावोगाव दाखवत फिरवले. १८०२ साली त्याचे छापचित्र निघाले आणि वर्षभरात दोन हजारांवर प्रती खपल्या. अंगाने पेटाऱ्यासारखा चौकोनी, त्याला चार काटकुळे पाय, आणि डोके शेवटी आठवण झाल्यासारखे बसवलेले. मी मामांना सांगितले, की त्याच्या गाडीला घोडे जुंपलेले असत.

"बैल गाडीत आणि घोडं जुंपलेलं?" मामा म्हणाले. "मग तो बैल कसला, तो पुढारी!"

पण नंतर त्यांनी चित्र लांब धरून, डोळे बारीक करून पाहिले. मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत त्यांनी आयुष्यभर बैल घेतले आणि विकले. "हे विकणाऱ्यानं काढून घेतलेलं चित्र हाय," ते म्हणाले. "बाजारच्या दिवशी मीठ चारून पाणी पाजतात, तसा फुगवलाय." आता गंमत बघा. त्या काळी इंग्रज जमीनदार चित्रकाराला बोलावून सांगत, की आमच्या जनावराला इथे मांस दाखवा, तिथे चरबी दाखवा. टॉमस ब्यूइक नावाचा लाकूडकोरीव चित्रांचा मोठा कारागीर होता. त्याने आपल्या आठवणींत नोंदवले आहे, की जनावराच्या अंगावर नसलेली चरबी घालायला मी नकार दिला. हा प्रसंग मी व्याख्यानाच्या शेवटी टाळ्यांसाठी राखून ठेवला होता. मामांनी तो न वाचता, मिठाच्या वासावरून ओळखला.

गाईचे राजकारणही निघाले. १७७८ सालच्या एका इंग्रजी छापचित्रात इंग्लंडचा व्यापार म्हणजे एक गाय आहे. अमेरिकन माणूस तिची शिंगे करवतीने कापतो आहे, डच माणूस धार काढतो आहे, फ्रेंच आणि स्पॅनिश वाडगे घेऊन उभे आहेत, आणि इंग्लंडचा सिंह शेजारी गाढ झोपला आहे. मामांना हे चित्र काहीही न सांगता समजले. दुभती गाय, भोवती वाडगी आणि झोपलेला राखणदार हे दृश्य समजायला भिवंडी तालुक्यात परदेशी इतिहासाची गरज पडत नाही.

"पण गाय चांगली काढलीय," मी म्हटले.

"गाय कुठं हाय त्यात?" मामा म्हणाले. "नुसती आडनावं हायत."

या वाक्यावर मी अजून विचार करतो आहे.

मामांच्या ओसरीवरच एक छापील गाय टांगलेली आहे. चौऱ्याऐंशी देवतांची गाय. अंगात जागोजाग देव बसलेले, खाली दुधाची वाट बघणारी माणसे, पुढे तलवार उगारलेला पशुमुखी राक्षस, आणि त्याला हात जोडून विनवणारा पुरुष. मामांकडची प्रत कुठल्याशा जुन्या कॅलेंडरवरची आहे, पण हे चित्र घरोघर पोचवले ते रविवर्मा प्रेसने. हा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. यंत्रे जर्मन, कारागीर जर्मन, आणि नंतर तर मालकही फ्रिट्झ श्लायशर नावाचा जर्मन. म्हणजे ड्यूररच्या देशाची छपाईची विद्या तीनचारशे वर्षांनी आमच्या ओसरीवर गाय होऊन आली. गोरक्षणाच्या चळवळीत, १८९३ च्या आगेमागे, गाईची अशी चित्रे गावोगाव फिरत होती. त्यातला राक्षस म्हणजे कोण, याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या रागाप्रमाणे लावला, आणि सरकारचीही झोप उडाली. उजव्या रकान्यात नुसते शब्द असतात असे समजणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. त्या रकान्यावरून डोकी फुटतात.

मामी रोज या गाईला हात जोडते. मीही जोडतो. पण समीक्षक म्हणून विचाराल तर त्या चित्रातला मला सगळ्यात पटणारा भाग देवांचा नाही, कासेचा आहे. तेवढी एक जागा ज्याने काढली त्याने गोठा पाहिला होता.

आणि मग रेम्ब्राँटचे डुक्कर आले. १६४३ सालचे. पान भरून आडवे पडलेले, पाय बांधलेले डुक्कर. मागे पुसट रेषांत काही माणसे आणि मुले. ती जणू अर्धीच काढून सोडून दिलेली, आणि डुकराचा मात्र केस न केस, सुरकुती न सुरकुती कोरलेली. माझ्या वहीत इथे 'मरणाची क्षणभंगुर जाणीव' असे लिहिलेले होते.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याला ठावं हाय."

"काय?"

"पाय कशाला बांधलेत ते."

त्यांनी पुस्तक मिटले. सरदार आत खोकत होता. तेव्हा मामीकडून कळले, की माझ्या मामेभावाने पांजरपोळात बोलणी केली आहेत आणि भाऊबीज झाली की टेम्पो येणार आहे. मामेभावाचे काही चूक नव्हते. नांगरणी ट्रॅक्टरने होते. भिवंडीच्या गोदामांत काम करणारी माणसे इथवर खोल्या शोधत येतात, गोठ्याच्या जागी दोन खोल्या निघतात. आणि पेंढा काय फुकट येतो? मी शहाण्यासारखे विचारले, "मामा, तुमच्यासाठी सरदार म्हणजे काय? जुन्या दिवसांचं प्रतीक?"

"प्रतीक नाय, बैल हाय," मामा म्हणाले. "प्रतीकाला पेंढा लागत नाय. याला लागतो."

पाडव्याला पहाटे गावात गुरांना पेंढ्याच्या जाळावरून उडवतात. त्याआधी त्यांना रंगवतात. मामांनी गेरू कालवला. मामीने जुना पेला आणला. त्याचा काठ गेरूत बुडवायचा आणि बैलाच्या पाठीवर दाबायचा, की लाल गोल उमटतो. एकाशेजारी एक, ओळीने. मी खुळ्यासारखा बघत राहिलो. आयुष्यभर कागदावर बैल छापणाऱ्यांची चित्रे जमवत बसलो, आणि माझ्या आजोळी बैलावर छापत होते. शाई आहे, ठसा आहे, दाब आहे. फक्त कागद श्वास घेत होता, आणि मधूनमधून खोकत होता.

"तू पण लाव," मामांनी सांगितले. मी तळहात गेरूत बुडवून सरदारच्या बरगडीवर ठेवला. आत उष्ण, मोठे, सावकाश काहीतरी हलत होते. पंडितांनी या बैलाला थंड आणि संथ का म्हटले ते मला तिथे कळले, आणि त्यांचा हात कधी तिथे पडला नसावा अशीही शंका आली. सरदारने मान वळवली, पुढे सरकला, आणि माझ्या नव्या पांढऱ्या सदऱ्यावर कूस घासून मोकळा झाला. सदऱ्यावर तीन लाल गोल आणि एक पंजा उमटला. उजव्या हाताचा पंजा, छपाईच्या नियमाप्रमाणे उलटा, डावा होऊन.

जाळावरून सरदारला उडवले नाही. मामांनी जाळ विझत आल्यावर त्याला राखेतून चालवत नेले. मग मामेभावाला ते एवढेच म्हणाले, "टेम्पो तुळशीच्या लग्नानंतर सांग." मामेभाऊ काही बोलला नाही. त्याने पेंढ्याचा एक भारा उचलून गोठ्यात टाकला.

व्याख्यान ठीक झाले. मी रकान्यांची वही घरीच ठेवली, आणि ड्यूररचा चिखल, मामीचा बाप्या, म्हशाच्या जत्रेतले मीठ असे सांगत गेलो. मंडळाच्या अध्यक्षांनी आभार मानताना सांगितले, की वक्त्यांनी विषयाला थोडा स्पर्श केला. वडे छान होते.

तुळशीचे लग्न होऊन दोन वर्षे झाली. टेम्पो अजून 'तुळशीच्या लग्नानंतर'च आहे. कुठल्या तुळशीच्या, ते मामांनी सांगितले नव्हते. सदरा आमच्या सौभाग्यवतींनी तीनदा धुतला. गोल गेले. पंजा तेवढा राहिला आहे. "गेरू असा कसा जात नाही?" असे ती विचारते. आता तिला हे कफप्रकृतीचे आहे म्हणून कसे सांगू?